चौकटीतले बंद दार
झाडीपट्टीतल्या साध्या दारांच्या छायाचित्रणाविषयी

आजींनी छायाचित्र आधी लांब धरून पाहिले, मग डोळ्यांजवळ आणले आणि विचारले, “दार लावून काहाले ठेवलं जी बापू? घरी कोणी नोयतं का?”

छायाचित्र त्यांच्याच घराच्या दाराचे होते. नागभीड तालुक्यातले एक गाव, मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि मध्ये दोन झडपांचे सागवानी दार. कधी काळी दिलेला निळा तेलरंग पोपडे धरून सुटलेला आणि त्याखालून लाकडाचे तांबूस रेषांचे अंग दिसू लागलेले. दोन वर्षांपूर्वी मी ते टिपले, मोठे छापून एका प्रदर्शनात लावले, आणि एका दाम्पत्याने ते नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यासाठी विकत घेतले. त्यातली एक छोटी प्रत घेऊन मी आजींकडे गेलो होतो. त्या खूश होतील अशी माझी समजूत होती. त्यांना मात्र चित्रात एकच गोष्ट दिसली. भरदिवसा दार बंद होते.

“हे तं मिरची तोडाले गेलेल्या मानसाचं घर वाटते,” त्या म्हणाल्या.

या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात, तेव्हा महिना-दोन महिने त्यांच्या दारांना कुलपे असतात. घरात माणूस असताना दिवसा दार बंद ठेवण्याची इथे रीत नाही. आजारपण, सुतक, भांडण किंवा स्थलांतर, असे काहीतरी घडल्याशिवाय दार लागत नाही. आणि मला ते बंद कसे सापडले? सापडले नव्हतेच. मीच त्यांना म्हटले होते, “आजी, जरा दार लोटून घ्या, आणि थोडं बाजूला व्हा.” त्या बाजूला झाल्या होत्या.

त्या दिवसानंतर मी माझी दारांची छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, सिंदेवाहीपासून धानोऱ्यापर्यंत, अनेक वर्षे हा नाद मी केला आहे. जवळजवळ सगळी दारे बंद होती. माणूस क्वचितच, आणि असलाच तर पाठमोरा. एकूण संग्रह एखाद्या उठून गेलेल्या मुलखाचा वाटत होता. हा लेख त्या संग्रहाची, आणि ज्या प्रकारात तो मोडतो त्या प्रकाराची, तपासणी आहे. गावाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

१

साध्या दाराचे छायाचित्र हा छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा विषय आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट या इंग्रज संशोधकाने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केले. त्यातले सहावे चित्र ‘द ओपन डोअर’ या नावाने ओळखले जाते. लेकॉक इथल्या त्याच्या वाड्याच्या आवारातले हे एक सामान्य दार आहे. उंबऱ्याशी खराटा टेकवून ठेवलेला, बाजूला कंदील टांगलेला, आत काळोख आणि त्या काळोखात पलीकडच्या खिडकीचा अंधूक उजेड. सोबतच्या टिपणात टॅलबॉट जुन्या डच चित्रकारांची साक्ष काढतो. रोजच्या, घरगुती गोष्टी चित्राचा विषय होऊ शकतात हे त्यांनी आधीच दाखवून दिले आहे, असा त्याचा आशय आहे.

या चित्राविषयी बोलताना खराट्याच्या तिरप्या सावलीचे कौतुक नेहमी होते. मला आता त्याचे नावच महत्त्वाचे वाटते. दार उघडे आहे. आत काहीतरी आहे आणि कोणीतरी नुकतेच काम टाकून गेले आहे, एवढे ते चित्र सांगते. खराटा टॅलबॉटने स्वतः मांडलेला आहे, म्हणजे रचना तिथेही आहेच. पण ती रचना घराच्या वापराच्या बाजूने केलेली आहे.

पुढे या प्रकाराला दुसरे वळण लागले. पॅरिसमध्ये युजीन आत्जे जुन्या शहराच्या नाहीशा होत चाललेल्या खुणा टिपत होता. त्यात दारे आणि दारांवरचे ठोके होते. ती छायाचित्रे तो चित्रकारांना आणि ग्रंथालयांना नोंदी म्हणून विकत असे. १९७० च्या सुमारास आयर्लंडच्या पर्यटन प्रचारासाठी डब्लिनच्या दारांचे एक भित्तिपत्रक निघाले. रंगीत दारे, ओळीने, सगळी बंद, सगळी समोरून. ते इतके लोकप्रिय झाले की त्यानंतर जगातल्या कित्येक शहरांच्या दारांची तशीच पत्रके निघाली. आज आपल्याकडच्या दिनदर्शिका, छायाचित्र-स्पर्धा आणि मोबाइलवर फिरणारी चित्रे पाहिली तर बहुतेकांचा साचा हाच असतो. कॅमेरा दारासमोर सरळ, दार बंद, रंग उडालेला, कडी गंजलेली, माणूस नाही. हा साचा आयर्लंडमधून झाडीपट्टीत आला आणि मी तो न तपासता वापरला.

डब्लिनमध्ये तो चालतो, कारण ती दारे रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहावीत म्हणूनच रंगवलेली आहेत. हवामान थंड, दार बंद असणे हीच तिथली रोजची स्थिती. दार म्हणजे तिथे घराचा चेहरा आहे. झाडीतल्या घराचे दार चेहरा नव्हे. चेहरा असेलच तर तो सपरीचा, पुढच्या ओसरीचा. तिथे माणसे बसतात, धान पाखडतात, पाहुण्याला पाणी देतात. दार त्या मागे, छपराच्या सावलीत, बहुधा अर्धवट अंधारात असते. ते नीट दिसावे म्हणून मी सकाळचे तिरपे ऊन गाठत असे आणि सपरीतली खाट बाजूला करवत असे. चित्रात घराचा चेहरा नको म्हणून मी तो पुसत होतो आणि त्याच्या जागी दार बसवत होतो.

२

हे दार पाहायचे कसे, हा प्रश्न आधी सुतारकामाचा आहे. माती किंवा कुडाच्या घरात चौकट आधी उभी राहते आणि भिंत नंतर तिच्याभोवती चढत जाते. चौकटीची वरची आणि खालची पट्टी दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असते. म्हणून जुन्या घरातले दार काढायचे तर भिंत फोडावी लागते. पुष्कळ जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. झडपेच्या कडेची फळी वर आणि खाली थोडी लांब ठेवून तिची टोके गोल तासलेली असतात, आणि ती टोके चौकटीतल्या खोबणीत फिरतात. दार उघडताना येणारी कुरकुर या लाकडावर लाकूड घासण्याची आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा आवाज बदलतो. घरातली माणसे त्या आवाजावरून कोण आले ते ओळखतात.

दाराची उंची कमी असते. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. याला शहरी पाहुणा नम्रतेचा वगैरे अर्थ लावतो, मीही एका टिपणात लावला होता. कारण साधे आहे. छपराची उतरण पुढे खाली आणावी लागते, नाहीतर आडव्या पावसात मातीची भिंत धुऊन जाईल. छप्पर खाली आले की दारही खाली येते. शिवाय लाकूड वाचते आणि उन्हाळ्यात आत गारवा राहतो. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला याहून वेगळे कारण सांगावे लागत नाही. उंबरठा उंच असतो तो पाणी आणि साप बाहेर, रांगते मूल आत ठेवण्यासाठी.

आता दाराची मागची बाजू. दर्शनी बाजूवर सुताराने रंधा फिरवलेला असतो. मागे वाकसाचे घाव तसेच असतात, आणि त्या घावांच्या लयीवरून हात कसा चालत होता ते कळते. फळ्या जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ठोकून वाकवलेले खिळे, अडसराची जागा आणि चुलीच्या धुराने बसलेला काळा थर, हे सगळे मागे. त्याच बाजूला खुंटीवर छत्री, विळा, रेशनकार्डाची पिशवी. ज्याला आपण दाराचे जुनेपण म्हणतो त्याचा पुरावा बहुतांशी मागे असतो. माझ्या संग्रहात मागच्या बाजूचे एकही छायाचित्र नव्हते.

समोरच्या बाजूलाही मी जे टाळत होतो ते मला आता वाचता येते. चौकटीवर घर क्रमांकाचे पत्रे आणि जनगणनेचे आकडे असतात. पोलिओची लस देऊन गेलेल्या पथकाची खडूची खूण असते. हिवतापाच्या फवारणीची तारीख दाराशेजारी रंगवलेली असते, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ती तारीख ही शोभेची गोष्ट नाही. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या, ज्यांना इकडे मेढे म्हणतात, दुसऱ्या दिवशी गावाबाहेर टाकल्या जातात. त्यांचा सुतळीचा तुकडा मात्र चौकटीवर वर्षभर राहतो. आषाढी अमावास्येला, जिवतीच्या दिवशी, लोहार दारी येऊन चौकटीत किंवा उंबरठ्यात खिळा ठोकतो आणि बदल्यात धान्य घेऊन जातो, ही रीत काही गावांत आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहे. एका घराच्या उंबरठ्यावर मी अशा खिळ्यांची रांग पाहिली. काही झिजून लाकडाच्या पातळीला आलेले, काही अजून बोचणारे. त्या घराचे वय सांगणारा दुसरा कागद घरात नव्हता. मी त्या दाराचे छायाचित्र काढले तेव्हा चौकट कॅमेऱ्यात सुबक बसावी म्हणून उंबरठा कापला होता.

या सगळ्या खुणा मला ‘घाण’ वाटत होत्या. संगणकावर मी फवारणीची तारीख पुसली आहे, हेही इथे कबूल करतो. नोंद म्हणून काढलेल्या चित्रातून तारीख पुसणारा माणूस नोंद करत नसतो.

३

आता लाकूड. साध्या दाराच्या छायाचित्रातून सर्वांत आधी गळते ते हे, की हे सागवान कुठून आले आणि कोणाच्या परवानगीने.

जुन्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला) शेतीच्या पट्ट्यात मालगुजार होते आणि जंगलपट्ट्यात जमीनदाऱ्या. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क संपले आणि ३१ मार्च १९५१ पासून गावठाणाबाहेरचे तळे, रान, पडीक सगळे सरकारजमा झाले. मालगुजारांचे वाडे राहिले. त्यांचे कोरीव खांब, गणेशपट्टी असलेली मोठी दारे आजही नागभीड-ब्रह्मपुरी भागात दिसतात आणि त्यांची छायाचित्रेही पुष्कळ निघतात. अभ्यासकांची नजरही कोरीव कामाकडेच गेली. व्हेरिअर एल्विनच्या १९५१ सालच्या ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’ या पुस्तकात शेजारच्या बस्तर-ओडिशाकडच्या कोरीव लाकूडकामाला बरीच जागा आहे. कोरलेले नाही ते दार कलेच्या इतिहासात येत नाही. आणि पुरातत्त्व तर देवळांकडे गेले. कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात भांदक, मार्कंडा पाहिले. मार्कंड्याच्या वाटेवर त्याला शेकडो साधी दारे लागली असतील.

साध्या घराच्या लाकडाचा इतिहास निस्ताराचा आहे. घरदुरुस्ती, नांगर-बंडी, कुंपण आणि सरपण यांसाठी जवळच्या रानातून गरजेपुरते घेण्याची ही मुभा. पण सागाच्या बाबतीत सरकारचा हात कायम आखडता राहिला. साग म्हणजे महसूल. त्यामुळे ज्या घराच्या दाराला साग आहे त्या घरात त्या सागाची एक गोष्ट असते. आज्याने मालगुजाराकडे वेठ केली आणि दोन फळ्या मिळवल्या, अशी. किंवा मोडलेल्या वाड्याचे लाकूड घेतले, अशी. किंवा ती गोष्ट पाहुण्याला सांगितलीच जात नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची हकिकत जाणकारांना माहीत आहे. १९८० च्या दशकात गावाने आपले गोटुल सागाच्या लाकडात पुन्हा बांधले. वनखात्याने ते उतरवून लाकूड जप्त केले. मग आसपासची गावे एकत्र आली आणि गोटुल पुन्हा उभे राहिले. याच गावाला २००९ मध्ये, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथेही बांबू गावाचा झाला, कारण कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आहे. इमारती लाकूड त्या व्याख्येबाहेरच राहिले.

या पार्श्वभूमीवर आजींच्या मुलाने मला विचारलेला प्रश्न पाहा. छायाचित्र हातात घेऊन तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, हा फोटू नाकेदाराच्या हाती तं नाही लागत ना?” दार त्याच्या आज्याच्या वेळचे होते. त्यात बेकायदा काही असण्याचा प्रश्नच नव्हता. पण पावती नव्हती, आणि पावती नसलेले सागवान मोठे करून, रंग खुलवून, गावाचे नाव खाली छापून मी भिंतीवर टांगले होते. जे मला पोत वाटत होते ते त्याला पंचनाम्यासारखे वाटले. गावाचे नाव मी इथे देत नाही ते यासाठी.

याच प्रदेशातल्या सागाची दुसरी दारे मात्र देशाने पाहिली. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून वनविकास महामंडळाच्या आगारातले सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी शोभायात्रेने निघाले. त्याच वर्षी २८ मे रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून गेलेल्या सागवानाचा उल्लेखही बातम्यांत ठळकपणे होता. आलापल्लीच्या सागाची ख्याती खरी आहे आणि तिचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. प्रश्न चित्राचा आहे. त्या दारांची छायाचित्रे लाखोंनी निघाली आणि त्यांच्याबरोबर लाकडाचा गाव सांगितला गेला. ज्या गावांच्या शिवेवर तो साग वाढला तिथल्या दाराचे छायाचित्र ‘एक जुने दार’ एवढ्याच मथळ्यावर भागते.

लाकडाचा कायदा चित्रात कसा दिसू शकतो याचे एक उदाहरण जर्मनीत आहे. बर्न्ट आणि हिला बेखर या दाम्पत्याने झीगन या लोखंडाच्या खाणींच्या भागातल्या कामगारांच्या लाकडी सांगाड्याच्या घरांची छायाचित्रे अनेक वर्षे काढली. त्यांचे पुस्तक १९७७ मध्ये आले. तीही समोरून, माणसांविना, एकसारख्या उजेडात. म्हणजे वरवर माझ्यासारखीच. पण त्यांनी एक घर सुंदर म्हणून निवडले नाही. शेकडो घरे शेजारी शेजारी ठेवली. मग दिसते की सांगाड्यात नक्षीसाठी एकही जादा लाकूड नाही. तिथे १७९० मध्ये घरबांधणीच्या लाकडावर निर्बंध घालणारा कायदा झाला होता, कारण लाकूड लोखंडाच्या उद्योगाला हवे होते. एका घराच्या चित्रात हा कायदा दिसत नाही. शंभर घरांच्या चित्रांत दिसतो. माझीही शेकडो दारे आहेत. ती मी त्या दृष्टीने लावून पाहिली असती तर एका गावात सगळ्या चौकटी सागाच्या आणि झडपा हलक्या लाकडाच्या का, दुसऱ्यात झडपेऐवजी बांबूची ताटीच का, हे प्रश्न पडले असते. मी मात्र त्यातली बारा निवडली. दिनदर्शिकेला बारा लागतात.

४

आजींच्या घरी त्या दिवशी आणखी एक छायाचित्र निघाले. मुलाने मोबाइलमध्ये दाखवले. घरकुल मंजूर झाले होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, २०१६ पासून, लाभार्थ्याच्या जुन्या घराचे आणि मग नव्या बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाइलवरून, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, नोंदवावे लागते. त्याशिवाय हप्ता मिळत नाही. डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत एक लाख तीस हजार आणि इतरत्र एक लाख वीस हजार असे अनुदान बरीच वर्षे राहिले आहे, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे.

पंचायतीतून आलेल्या माणसाने घाईत काढलेले ते चित्र होते. क्षितिज तिरपे, अर्ध्या भागात पांढरे ऊन, कोपऱ्यात कोणाची तरी मोटारसायकल. आणि मधोमध आजी, उघड्या दारात, चौकटीला हात लावून उभ्या. मागे आतल्या अंधारात चूल दिसत होती. खाली तारीख, वेळ आणि जागा.

छायाचित्र म्हणून ते कोणी स्पर्धेत घेणार नाही. पण मी टाळलेले सगळे त्यात होते. दार उघडे, माणूस समोर, तारीख, ठिकाण. या दोन जिल्ह्यांतल्या साध्या लाकडी घरांचा सर्वांत मोठा छायाचित्रसंग्रह आमच्यासारख्या हौशी लोकांकडे नाही, तो या योजनेच्या संगणकात आहे, हे मला तेव्हा उमगले. त्याचा आणि माझा हेतू मात्र उलटा. ते चित्र घर राहण्यालायक नाही हे सिद्ध करायला काढलेले. माझे, घर जपण्यालायक आहे हे सुचवायला. दोन्ही चित्रे त्याच दाराची. आजींना त्यातले कोणते उपयोगी पडले हे सांगायची गरज नाही.

इथे आपल्या वारसाप्रेमाची एक अडचण आहे आणि ती सोडवल्याचा आव मी आणत नाही. कवेलू दरवर्षी चाळावे लागतात, माकडे ते फोडतात, वाळवी वाशांना लागते, माती दर उन्हाळ्यात लिंपावी लागते. हे काम बहुतेक बायकांचे. जुने घर राहावे असे वाटणाऱ्याने ते काम कोण करणार हेही सांगायला हवे. दुसरीकडे, कायद्यालाही साधे दार भिंतीत असेपर्यंत दिसत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीपासून सुटलेल्या वस्तूचा समावेश होतो. म्हणजे दार घरात असताना ते कच्च्या घराचा भाग, आणि भिंत फोडून बाहेर काढल्यावर पुरावस्तू ठरण्याची शक्यता. व्यापाऱ्यांना हे बरोबर कळले आहे. टेम्पो घेऊन गावोगाव फिरणारे जुन्या लाकडाचे खरीददार नवे लोखंडी दार देतात आणि जुने सागवानी नेतात. आमची छायाचित्रे त्यांच्यासाठी नमुना-पुस्तिकेचे काम करतात की काय, ही शंका मला आता झोप लागू देत नाही.

५

मग दारांची छायाचित्रे काढू नयेत का? मला तसे वाटत नाही. ज्योती भट्ट यांचे काम समोर असताना तसे म्हणता येणार नाही. बडोद्याचे हे चित्रकार-मुद्राचित्रकार १९६७ मध्ये गुजरातच्या लोककलेवरच्या एका परिसंवादासाठी गावांत छायाचित्रे काढायला गेले आणि पुढे काही दशके गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा प्रदेशांतल्या रंगवलेल्या भिंती, अंगणे, दारे टिपत राहिले. त्यांच्या चित्रांत भिंतीवरचा मोर आणि तो काढणारी बाई एकाच चौकटीत असतात. पोर मध्येच येते, शेळी येते, दार अर्धे उघडे असते. नक्षी सुटी करून घेण्याचा मोह त्यांनी आवरला. काळ्यापांढऱ्या रंगात काम केल्यामुळे उडालेल्या रंगाची भुलावण मुळातच नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रांवरून आज त्या घरांत जगणे कसे होते ते सांगता येते. माझ्या चित्रांवरून फक्त माझा कॅमेरा कोणता होता ते सांगता येईल.

भट्ट यांचे दारही त्यांनीच निवडलेले आहे, त्यांचीही चौकट आहे, हे खरे. चौकटीशिवाय ना दार उभे राहते ना छायाचित्र. पण सुताराची चौकट माणसाला आत-बाहेर जाता यावे म्हणून असते. चित्राची चौकटही त्याच कसोटीला लावायला हरकत नाही. हे चित्र पाहून कोणाला त्या घरात शिरता येते का? घरातल्या माणसाला त्यातून बाहेर पाहता येते का? माझ्या बारा चित्रांतले एकही या कसोटीला उतरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आजींकडे पुन्हा गेलो. जुन्या घराशेजारी घरकुलाचे स्लॅब पडले होते. पुढे लोखंडी दार, त्यावर कारखान्यातून आलेले फुलांचे ठसे, रंग तोच निळा. जुने घर अजून उभे होते, पण आता त्यात तणस आणि गाय. सागवानी दाराला दिवसाही साखळी होती, गाय बाहेर पडू नये म्हणून. आता ते खरोखरच बंद होते आणि मला ते तसे टिपता आले असते.

मी कॅमेरा काढला तशा आजी आपणहून पुढे झाल्या. साखळी काढली, दोन्ही झडपा आत लोटल्या. दार कुरकुरले. “आंदर ये ना बापू,” त्या म्हणाल्या, “बाहेरून काय दिसते?” मी वाकून आत गेलो. डोळे सरावायला वेळ लागला. मग झडपेच्या मागच्या बाजूवर खडूने काढलेल्या उभ्या रेघांच्या रांगा दिसल्या, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या. कोणत्या तरी वर्षीच्या धानाच्या पोत्यांचा हिशेब. आजींनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबून म्हणाल्या, “हे तुमच्या आजोबाचं हात आहे.” आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती.

प्रकाश फार कमी होता. चित्र हलले आहे आणि कडा धूसर आहेत. खाली मी तारीख घातली आहे. त्याची एक प्रत आजींकडे आहे, दुसरी माझ्याकडे. प्रदर्शनासाठी ते कोणी मागितले तर आधी त्यांच्या मुलाला विचारावे लागेल.